नाताळाआधीचे चार रविवार : आगमनकाळ घरी कसा पाळावा?

प्रश्न : दोन मुलांची आई, पुणे

सर्वांना जय ख्रिस्त.

माझे माहेर वसईचे, कॅथलिक. सासर अहिल्यानगर जिल्ह्यातले, प्रोटेस्टंट. लग्नाला अकरा वर्षे झाली. या काळात आम्ही दोघांनी एकमेकांच्या घरच्या बऱ्याच रीती आपल्याशा केल्या, पण आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या चार आठवड्यांच्या, बाबतीत आमच्या घरात काहीच रुजले नाही, याची खंत मला दर वर्षी डिसेंबरमध्ये वाटते. घरी नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. रविवारी मी मुलांना घेऊन मिस्साला, म्हणजे आमच्या कॅथलिक उपासनेला, जाते. यजमान आणि सासूबाई त्यांच्या मंडळीतील उपासनेला जातात.

नोव्हेंबर सरत आला की धावपळ सुरू होते. शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीतला नाताळ, यजमानांच्या कार्यालयातला नाताळ, कपडे, फराळ, केक, कॅरल गायला येणाऱ्यांची सरबराई. गेल्या वर्षी २४ तारखेच्या रात्री मिस्साला निघताना मुलाने विचारले, "आई, शाळेत नाताळ झाला, सोसायटीत झाला, बाबांच्या ऑफिसात झाला. मग आता आपण कुठल्या नाताळला चाललो आहोत?" मला उत्तर देता आले नाही. या चार आठवड्यांत फादरांची वस्त्रे जांभळी असतात, मिस्सात ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हटले जात नाही, वेदीजवळ दर रविवारी एक मेणबत्ती अधिक पेटते, हे सारे मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण ते चर्चमध्येच राहते, आमच्या घराचा उंबरठा ओलांडून आत येत नाही. एका नातेवाइकांनी मुलांसाठी २४ खिडक्यांचे चॉकलेटचे कॅलेंडर आणले होते. ५ डिसेंबरपर्यंत त्याच्या सगळ्या खिडक्या उघडून झाल्या.

या वर्षी पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो, म्हणून आधीच विचारते आहे. दोन्ही परंपरांना आपले वाटेल, रोज पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही आणि लहान मुलेही ज्यात मनापासून सामील होतील, असे काही तुमच्या घरी होत असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, मात्र जुनी ख्रिस्ती भजने त्यांना मुखोद्गत आहेत.

उत्तर : वसईची आजी

तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

माझे वय ७४. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे तो काळ मला आठवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्माध्यक्षांच्या रोममधल्या मोठ्या सभेनंतर, ती मराठीत आली, तेव्हा मी शाळेत होते. त्या वेळी आगमनकाळात आमच्याकडे लग्ने लागत नसत, वाजंत्री वाजत नसे आणि आई नाताळचे गोड डब्यात भरून ठेवी, पण २५ तारखेच्या आधी झाकण उघडू देत नसे. आम्हाला ते कठोर वाटे. आज मला वाटते की त्या बंद डब्यामुळेच नाताळ आमच्यासाठी २५ तारखेला सुरू होत असे, त्या दिवशी संपत नसे.

तुला एकच गोष्ट सांगायची तर मी नाचणीची सांगेन. गोठ्याच्या देखाव्यासाठी आमच्या घरी हिरवळ विकत आणत नसत, पेरत असत. तिसऱ्या रविवारच्या, म्हणजे या वर्षी १३ डिसेंबरच्या, आदल्या रात्री मूठभर नाचणी भिजत घालावी. सकाळी निथळून ओल्या फडक्यात सैल बांधून ठेवावी आणि दिवसातून दोन वेळा फडक्यावर पाणी शिंपडावे. मोड दिसला की मातीच्या पसरट भांड्यात बोटभर माती घेऊन त्यावर ती दाट पसरावी आणि वरून मातीचा अगदी पातळ थर द्यावा. एकदोन दिवस काहीच दिसत नाही. मी पाच-सहा वर्षांची असताना रोज सकाळी उठून त्या भांड्याजवळ उकिडवी बसत असे आणि एकदा तर बोटाने माती उकरून पाहिली होती. आई रागावली नाही. "तू उकरलेस तेवढे आता येणार नाही, बाकीचे येईल," एवढेच म्हणाली, आणि तसेच झाले. त्या वर्षी आमच्या गोठ्यापुढच्या हिरवळीत बोटाएवढे टक्कल होते आणि २४ तारखेच्या रात्री सर्वांनी ते पाहिले. वाट पाहणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही प्रवचनातून तितके कळले नाही.

दुसरी रीत पेंढ्याची. भाताची कापणी उरकलेली असल्यामुळे पेंढा आमच्याकडे घरोघरी असे. पहिल्या रविवारी रिकामी गव्हाण मांडायची, त्यात बाळ येशूची मूर्ती ठेवायची नाही. दिवसभरात कोणी कोणासाठी काही केले असेल, भांडण मिटवले असेल, न सांगता पाणी भरले असेल, तर त्याने रात्री गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवायची. काडी कशाची हे कोणी विचारायचे नाही. तेवढा नियम मात्र पाळ, नाहीतर मुले काड्या मोजू लागतात आणि प्रेमाचा हिशेब सुरू होतो. २४ च्या रात्री मिस्साहून आल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताने मूर्ती त्या पेंढ्यावर ठेवायची. पेंढा पुण्यात मिळाला नाही, तर झाडूवाल्याकडच्या सुक्या काड्या चालतील.

प्रार्थनेचे म्हणशील, तर तिन्हीसांजेची घंटा झाली की आम्ही जी प्रार्थना म्हणतो, ती गब्रिएल दूताने मरीयेला दिलेल्या निरोपाचीच आहे. तुझ्या सासूबाईंना मरीयेला उद्देशून प्रार्थना करणे अवघड वाटत असेल, तर त्याऐवजी लूकच्या शुभवर्तमानातला तोच प्रसंग वाचावा. पहिल्या अध्यायाची २६ ते ३८ ही वचने वाचायला तीन मिनिटेही लागत नाहीत.

उत्तर : निवृत्त पाळक, अहिल्यानगर

ताई, आजींनी लिहिलेले वाचून समाधान वाटले. मी प्रोटेस्टंट बाजूने थोडी भर घालतो, कारण आगमनकाळ ही केवळ कॅथलिकांची रीत आहे, असा समज आमच्या मंडळ्यांमध्ये अनेक ठिकाणी आढळतो. वेदीजवळच्या ज्या मेणबत्त्यांचा तुम्ही उल्लेख केला, त्यांच्या चक्राचा आरंभच मुळी एका लुथरन धर्मशास्त्रज्ञाच्या हातून झाला. योहान हिनरिक विखर्न यांनी हॅम्बुर्ग येथे गरीब आणि निराधार मुलांसाठी एक घर चालवले होते. नाताळ कधी येणार, असे ती मुले रोज विचारत. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेऊन त्यावर प्रत्येक वारासाठी लहान आणि प्रत्येक रविवारसाठी मोठी मेणबत्ती लावली. कॅथलिक चर्चमध्ये ही पद्धत पुढे विसाव्या शतकात गेली. म्हणजे तुमच्या मुलाचा प्रश्न आणि त्या मुलांचा प्रश्न जवळपास एकच आहे.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना सांगावी, त्यांना आनंद होईल. सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता, आणि या वर्षीही पहिला रविवार त्याच तारखेला येतो. दोन परंपरांच्या घरासाठी आरंभाला याहून चांगला दिवस मी सुचवू शकणार नाही.

चक्रासाठी बाजारात काही शोधू नये. घरातली पितळी परात, चार मेणबत्त्या आणि सभोवती आंब्याची किंवा अशोकाची पाने पुरेशी आहेत. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारसाठी एक गुलाबी असा प्रघात आहे, कारण जांभळा रंग पश्चात्तापाचा आणि तिसरा रविवार आनंदाचा मानला जातो. तसे रंग न मिळाल्यास पांढऱ्या मेणबत्त्यांना फीत बांधावी. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, असे पेटवत जावे आणि प्रकाश वाढताना मुलांना दिसावा म्हणून त्या वेळी खोलीतला दिवा मालवावा.

वाचनासाठी माझा अनुभव असा की मोठ्या योजना १० डिसेंबरच्या पुढे जात नाहीत. लूकच्या शुभवर्तमानात बरोबर २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला, तर नाताळच्या आदल्या रात्री येशूचे संपूर्ण जीवन वाचून होते आणि त्याचा जन्म कशासाठी झाला, हे ठाऊक असताना मुले गोठ्यापुढे उभी राहतात. पाच वर्षांच्या मुलीला पूर्ण अध्याय जड जाईल. त्यातला एक प्रसंग वाचावा आणि उरलेले मोठ्यांनी नंतर वाचावे. वाचनानंतरचे भजन मात्र सासूबाईंकडेच द्यावे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूची भक्ती अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर आणली, ती आमच्या जिल्ह्यातील आज्यांनी कागदावाचून जपली आहे. नातवंडांना रोज एकच कडवे शिकवले, तरी चार आठवड्यांत चार-पाच भजने त्यांची होतील. हे काम त्यांच्यावाचून दुसरे कोणी करू शकणार नाही, हे त्यांनाही कळू द्यावे.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते लिहितो. आमच्याकडे साखर कारखान्यांचे गाळप याच सुमारास सुरू होते आणि ऊसतोड कामगारांची कुटुंबे बिऱ्हाड घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळीतल्या दोन भगिनींबरोबर मी उसाच्या एका फडावर गेलो होतो. एका कोपीत नऊ दिवसांची बाळंतीण होती. खाली पाचट अंथरून त्यावर गोधडी घातली होती, बाळ लुगड्याच्या झोळीत होते आणि कोपीच्या दाराशी बांधलेला बैल वाढे खात होता. बाळाचा बाप पहाटे तीनला तोडीला गेला होता. आम्ही शुभवर्तमान बरोबर नेले होते, पण ते उघडून वाचण्याचे धाडस मला झाले नाही. आम्ही नुसते बसलो, एका भगिनीने बाळाला तेल लावले. मरीया गरोदरपणी प्रवासाला निघाली आणि तिला उतारशाळेत जागा मिळाली नाही, ही वचने त्यानंतर मी कधी घाईने वाचू शकलो नाही.

तुम्ही पुण्यात आहात. तुमच्या रस्त्यावर कुठेतरी इमारतीचे बांधकाम चालू असेल आणि तिथे पत्र्याच्या खोल्यांत कामगारांची मुले असतील. पहिल्या रविवारपासून घरात एक डबा ठेवावा, त्यात डाळ, तेल, लहान मुलांचे उबदार कपडे जमवावेत आणि ते नाताळच्या दिवशी नव्हे, तर तिसऱ्या आठवड्यात, मुलांना बरोबर घेऊन आणि त्या लोकांची नावे विचारून द्यावेत. छायाचित्र काढू नये.

उत्तर : एक विश्वासू बंधू, सोलापूर

मला विनयाने वेगळे मत मांडायचे आहे. आगमनकाळ पाळण्याची आज्ञा पवित्र शास्त्रात कोठेही नाही. उलट, तुम्ही दिवस, महिने, सणाचे काळ आणि वर्षे पाळता, अशी चिंता पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात व्यक्त केली आहे. विश्वासणाऱ्याने रोजच प्रभूच्या येण्याची वाट पाहावी. मेणबत्त्या आणि काड्या यांत मुलांचे मन गुंतले, तर वचन मागे पडेल, अशी मला भीती वाटते.

उत्तर : निवृत्त पाळक, अहिल्यानगर

बंधू, आपली भीती अनाठायी नाही आणि आज्ञा नाही, हेही खरे आहे. म्हणून जे कुटुंब हा काळ पाळत नाही, त्याला कोणी कमी लेखू नये. परंतु त्याच पौलाने रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात म्हटले आहे की जो दिवस पाळतो तो प्रभूकरिता पाळतो, आणि प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. गलतीकरांना त्याने सावध केले, ते तारणासाठी नियमांवर विसंबू नये म्हणून. मुलाला वाट पाहायला शिकवणारी आई तारण विकत घेत नाही. रोज प्रभूच्या येण्याची वाट पाहावी, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि आगमनकाळाचा पहिला अर्धा भाग त्याच गोष्टीकडे लक्ष वेधतो. १६ डिसेंबरपर्यंतची चर्चमधली वाचने पाहिलीत, तर त्यांत बेथलेहेमपेक्षा प्रभूच्या दुसऱ्या आगमनाचा विषय अधिक आढळेल.

उत्तर : धर्मशिक्षण शिक्षिका, नाशिक

पाळकसाहेबांनी १६ डिसेंबरचा उल्लेख केला, म्हणून पुढच्या सात दिवसांविषयी लिहिते. १७ ते २३ डिसेंबर या दिवसांच्या सायंप्रार्थनेत चर्च येणाऱ्या ख्रिस्ताला रोज एका नावाने हाक मारते : ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दावीदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. ही नावे जुन्या करारातून घेतलेली असल्यामुळे ती कोणत्याही परंपरेच्या घरात चालतील. मी माझ्या वर्गातील मुलांना रोज त्या नावाची एक खूण घरातून शोधून आणायला सांगते. किल्लीच्या दिवशी एका मुलाने गावाकडच्या, आता पडून गेलेल्या घराची गंजलेली किल्ली आणली होती. त्याच्या आजोबांनी ती कधी टाकून दिली नव्हती. तो दिवस आम्ही सर्व त्या किल्लीबद्दलच बोललो आणि बंद दार उघडणाऱ्या ख्रिस्ताविषयी मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांच्या मूर्ती गोठ्यात लगेच ठेवू नयेत. त्या घराच्या दूरच्या कोपऱ्यात, खिडकीत किंवा पुस्तकांच्या कपाटावर ठेवाव्यात, मुलांनी त्या रोज वीतभर पुढे सरकवाव्यात आणि ६ जानेवारीला त्या गोठ्यापाशी पोहोचाव्यात. यामुळे नाताळ २५ तारखेच्या संध्याकाळी संपत नाही. शाळेतले आणि सोसायटीतले कार्यक्रम टाळण्याची गरज नाही. तिथे आनंदाने जावे. घरातला तारा आणि झाड मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबवावे, म्हणजे मुलांना बाहेरचा आणि घरचा काळ वेगळा असल्याचे आपोआप समजते.

उत्तर : एक वाचक, मुंबई

मी फार लिहू शकणार नाही. ऑगस्टमध्ये माझे पती प्रभूकडे गेले. नातेवाईक म्हणतात की या वर्षी घरी नाताळ नको, आणि नाताळाचा विचार मलाही झेपत नाही. परंतु आगमनकाळ मला झेपेल, असे ही चर्चा वाचताना वाटले, कारण त्यात गावे लागत नाही, अंधारात एक मेणबत्ती लावून बसता येते. पहिल्या रविवारी मी एक लावणार आहे. आपल्या सर्वांच्या प्रार्थनेत माझ्या मुलीची आठवण असू द्या.

प्रश्नकर्ती : दोन मुलांची आई, पुणे

काल, २९ तारखेला, आमच्या घरी पहिली मेणबत्ती लागली. मुंबईच्या ताई, ती लावताना सासूबाईंनी तुमच्यासाठी आणि तुमच्या मुलीसाठी मोठ्याने प्रार्थना केली, हे तुम्हाला कळावे म्हणून आधी लिहिते.

परात सासूबाईंच्या लग्नातली निघाली. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत, म्हणून माझ्या जुन्या साडीचे काठ कापून पांढऱ्या मेणबत्त्यांना बांधले. यजमानांनी लूकमधला गब्रिएलाचा प्रसंग वाचला, मी सांजेची प्रार्थना म्हटली आणि सासूबाई तेवढा वेळ डोळे मिटून शांत बसल्या. नंतर त्यांनी भजन धरले. त्यांच्या तोंडून मी ते अकरा वर्षांत एकदाही ऐकले नव्हते. विचारल्यावर म्हणाल्या, "तुमच्याकडे चालते की नाही, मला माहीत नव्हते." मला फार वाईट वाटले आणि त्याहून अधिक बरे वाटले.

मुलीने गव्हाणीत एक काडी ठेवली. नियमाप्रमाणे कोणी काही विचारले नाही, परंतु तिला सांगायचे होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मुलाने दुसरी मेणबत्ती आजच लावू या, असे तीन वेळा म्हणून पाहिले. झोपायला जाण्यापूर्वी तो परातीजवळ गेला आणि न पेटवलेल्या तिन्ही मेणबत्त्यांच्या वाकलेल्या वाती त्याने चिमटीने सरळ करून ठेवल्या.

आजी, एक विचारायचे राहिले. नाचणी पेरल्यानंतर भांडे गच्चीवर ठेवावे की खिडकीत? आमच्या खिडकीत सकाळी तासभरच ऊन येते.

उत्तर : वसईची आजी

कोंब वर येईपर्यंत सावलीत, पाहिजे तर ओट्याखाली ठेव. वर आले की खिडकीत ठेव. तासभर ऊन पुरेसे आहे, फक्त भांडे रोज फिरवत जा, कारण कोंब उजेडाकडे झुकतात. आणि उकरू नका असे मुलांना आधीच सांगू नकोस.